अंगठा पाहणारी

शनिवारची दुपार होती. सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मी गिटार घेऊन बसलो होतो, अन् माझी बायको सुमन समोर तूर पाखडून राहिली होती. तिनं सूप थांबवलं, माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं अन् म्हणाली, "अंगठा वर आला." मी खाली घेतला. बस, एवढंच. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटलं साधं काम हे. त्यानंतर चार वर्षं ती जगली — एकाच घरात, समोरासमोर जेवत होतो आम्ही — पण हे काम पुन्हा झालं नाही. काहून झालं नाही, ते मी आजवर कोणाले सांगितलं नाही. पोरीलेही नाही. आता सुमन जाऊन आठ महिने झाले. तुम्हाले सांगतो.

मी स्टील प्लांटात फिटर होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतपडत. पण गिटार तीस वर्षं वाजवली — सेक्टरच्या ऑर्केस्ट्रात, गणपतीत, लोकांच्या लग्नांत. तार छेडायची पिक चिमटीत घट्ट धरून, गिटारीची मान मुठीत आवळून. रिटायर झालो अन् मनगट धरलं. डॉक्टर म्हणे, वाजवणं सोडा. सुमन म्हणे, सोडू नका, धरायची रीत बदला. मोहन नगरात क्लासिकल गिटार शिकवणाऱ्या एक मॅडम तिनंच शोधल्या. केरळच्या. माझ्या पोरीच्या वयाच्या.

तीस वर्षं स्टेजवर वाजवलेल्या माणसानं पोरीपुढं जाऊन बसायचं? मले लाज वाटली. सुमन म्हणाली, मी येतो संगं. आली. दर रविवारी, माझ्या स्कूटरवर मागं बसून.

पहिल्याच दिवशी मॅडमनं पिक काढून घेतली. डावा पाय छोट्या पाटावर. डावा अंगठा गिटारीच्या मानेच्या मागं, मधोमध — आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. उजव्या हाताचं एक बोट, मग दुसरं, आळीपाळीनं. तार छेडली की बोट शेजारच्या तारेवर येऊन थांबलं पाहिजे. अन् सारं इतकं हळू, की जांभया याव्या. माझ्या डोक्यात काही राहे ना. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या सुमनच्या राहे. तिले एक सूर वाजवता येत नव्हता. पण मी जसा आवाजावरून मशीनचं बेअरिंग गेलेलं ओळखत होतो, तशी ती माझा हात ओळखे. घरी भाजी चिरता चिरता तिची नजर माझ्या अंगठ्यावर. म्हणे, मनगट वाकलं. बोट उगाच उडून राहिलं. हळू, मॅडम काय म्हणाल्या?

सात-आठ महिन्यांत दुखणं गेलं. तारांची खरखर गेली. जी गाणी मी तीस वर्षं बडवली, ती पहिल्यांदा वाजली. कोणामुळं? — हे मले तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तर तो शनिवार. संध्याकाळी रिटायर लोकांचा कार्यक्रम होता, बायका-पोरांसकट. मी दोन गाणी वाजवली. जुनी मंडळी खुर्च्या पुढं ओढून बसली. मग आमचा कीबोर्डवाला गजानन — जुना दोस्त, तोंडाचा फटकळ — सगळ्यांसमोर म्हणाला, "का रे, म्हातारपणी हात कसा सुधरला? कोणाजवळ शिकून राहिला का?"

मी म्हटलं, कोणाजवळ शिकतो? तीस वर्षांचा हात आहे.

सुमनले वाटलं, मी विसरलो. भोळी. पुढच्या रांगेतून म्हणाली, "अहो, मॅडमकडं जातो ना आपण. मी पण जातो, यांचा अंगठा पाहाले."

लोक हसले. वाईट नाही हसले, मजेत हसले. मीही हसलो असतो तर? तिथंच संपलं असतं. पण मी म्हटलं — जसं म्हटलं तसंच सांगतो — "हिचं काय ऐकता? अडाणी बाई. हिले गिटार अन् सूप सारखंच."

मग लोक जास्त हसले. अन् तीही हसली. पदर तोंडाले लावून, सगळ्यांसंगं. तो हसणारा चेहरा मी कोणाले दाखवू?

घरी आल्यावर तिनं विचारलं, भात गरम करू का. मी हो म्हटलं. पुढं चार वर्षं मी रोज तिच्यासमोर वाजवलं. अंगठा वर येई. ती पाही — मले दिसे, ती पाहते — अन् मान खाली घाली. मीही विचारलं नाही, अंगठा वर आला का. वाटे, विसरली असेल. खोटं. मले तसं कधीच वाटलं नाही.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहाचा क्लास. ती बदामी साडी नेसून पायरीवर येऊन बसली होती, नेहमीसारखी. तिले स्कूटरवर मागं घ्यायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, पेट्रोल भरून येतो, थांब. अन् तसाच मोहन नगरले निघून गेलो. मॅडमनं विचारलं, आंटी कहाँ हैं? मी म्हटलं, उनको अब बोर होता है. मग तासभर शिकलो. शेवटी मॅडम म्हणाल्या, आज हाथ बहुत अच्छा चला. मी थँक्यू म्हटलं.