माउस गिऱ्हाइकाचा, कीबोर्ड आपला

माझे बाबा चमच्याने जेवायचे. घाटकोपरच्या डोंगरावर आमची एक खोली होती. तिथे भाकरी कुस्करून, वर वरण ओतून ते चमच्याने खायचे. गल्लीतले लोक चिडवायचे, "काय साहेब, काटा कुठाय?" बाबा नुसते हसायचे. ते माहुलकडच्या एका कारखान्यात केमिकलची पिंपं धुवायचे आणि तो वास हाताला कायमचा बसला होता. राख लावून झाली, लिंबू चोळून झालं, काही उपयोग झाला नाही. हात तोंडाजवळ आला की त्यांना मळमळायचं, म्हणून चमचा.

आई घरी बसून खोटी कानातली पुठ्ठ्यावर लावायची. पुठ्ठ्याला दोन भोकं, भोकात कानातलं घालायचं, मागून फिरकी. दिवसभर तेच. तिच्या अंगठ्याची कातडी इतकी जाड झाली होती की तिला वाटी गरम आहे की गार ते कळायचं नाही. पाणी खालच्या नळावरून वर आणायचं, ते काम माझं. दोन कळशा आणि एका हातात इंग्रजीच्या पाठांतराचा कागद. दोघं मराठवाड्यातून आलेली, दोघंही शाळेत फार गेलेली नाहीत. मी मात्र कॉलेजला जाणार हे माझ्या जन्माआधीच ठरलं असावं, इतकं ते घरात पक्कं होतं.

आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी निळ्या कोटातला दुसरा फोटो. ते कोण, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्या फोटोंखाली लिंबू-मिरची, अंगारा, गंडादोरा काही चालत नसे. कधीमधी गल्लीत पिंजरा घेऊन पोपटवाला यायचा. बाबा त्याला पाणी द्यायचे, सावलीला बसू द्यायचे. पण पोपटाला आमच्यासाठी पत्ता उचलू द्यायचे नाहीत. "त्याला भूक लागलीय म्हणून तो चोच मारतो," म्हणायचे. "त्यात तुझं नशीब कुठून आलं?"

आणि मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना सहा महिने तोच पोपट झाले होते. हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही.

जाहिरात साधी होती, कॉम्प्युटर ऑपरेटर पाहिजे, मुलगी, शिकत असली तरी चालेल. अंधेरी पश्चिमेला एका इमारतीत दुसरा मजला, एका बाजूला दाताचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पासपोर्ट फोटो. आत गेले तर एसी, मोगऱ्याच्या स्प्रेचा जीव गुदमरवणारा वास आणि मोठा स्क्रीन. मॅडम आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या. आता त्या कार्डं वाचून भविष्य सांगत होत्या आणि हातातली कार्डं सोडून त्यांनी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम घेतला होता. "लोकांचा कॉम्प्युटरवर जास्त विश्वास बसतो गं," त्या म्हणाल्या. "माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?"

काम शिकायला मला एक दुपार लागली. स्पेस बार दाबला की पडद्यावर कार्डं पिसली जायची, खळखळ आवाजासकट. मग ती पंख्यासारखी पालथी पसरायची. गिऱ्हाइकाने माउस हलवायचा, बाण एखाद्या कार्डावर नेऊन क्लिक करायचं, की कार्ड उलटं व्हायचं. उजवीकडचं बटण दाबलं की त्याचा अर्थ यायचा. एस्केप दाबलं की सगळं पुसलं जायचं. मला बरं वाटलं. हात भराभर चालत होता, मॅडम म्हणाल्या, "हुशार आहेस."

मग त्यांनी टेबलाखालचा खण ओढला. त्यात आणखी एक कीबोर्ड होता, वर जरीचं कापड. कडेच्या आकड्यांवर नेलपॉलिशचे ठिपके होते, काही लाल, काही गुलाबी. प्रोग्रॅममध्ये सरावासाठी एक सोय होती, आकडा दाबून ठरावीक कार्ड लावता यायचं. गिऱ्हाइकाने क्लिक करायच्या आत आकडा दाबला की त्याने कुठल्याही कार्डावर बाण नेला तरी आपलं ठरलेलंच कार्ड उलटायचं.

"लाल म्हणजे जड, गुलाबी म्हणजे हलकं," मॅडम म्हणाल्या. "मी 'मन शांत ठेवा' म्हटलं की लाल. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की गुलाबी. लक्षात ठेव, माउस गिऱ्हाइकाचा, कीबोर्ड आपला."

"पण मग हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"अगं, घाबरला तरच माणूस परत येतो. परत आला की आपण त्याला बरं वाटेल असं देतोच की. डॉक्टर नाही का आधी सुई टोचत?"

उठून यायला हवं होतं. आले नाही. घरी सांगितलं, डेटा एन्ट्री आहे. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं, पोरगी एसीत बसून कॉम्प्युटर चालवते. ते परत कसं घ्यायचं? मी सहा महिने ठिपके दाबले. एका म्हाताऱ्याने स्वतःचं कार्ड निवडलं आणि मी खाली बोटाने दुसरंच लावलं. बायका क्लिक करण्याआधी माउसला नमस्कार करायच्या. ते बघून लाज वाटायची. पण लाज वाटत असतानाही बोट चुकत नव्हतं, हेच जास्त घाण होतं.

एका मंगळवारी चारकोपहून एक काकी आल्या. बरोबर मुलगी, अठराएक वर्षांची. काकी मूळच्या कोकणातल्या, सासरे गिरणीत होते, आता नवरा कुरियरच्या गाडीवर आणि त्या स्वतः पोळीभाजीचे डबे द्यायच्या. मुलीला मुलुंडच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती, हॉस्टेलसकट. शनिवारपर्यंत जाऊन नक्की करायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. इकडे दिराने एक स्थळ आणलं होतं आणि तो म्हणत होता, पोरगी हॉस्टेलला गेली की हातची गेली. काकींचं मन कॉलेजकडे होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. फक्त कोणीतरी 'पाठव' म्हणायला हवं होतं.

त्यांनी माउस हातात घेतला तो उचलूनच. टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यासमोर धरला आणि बटण दाबलं.

"आये, टेबलावर ठेव गो," मुलगी कुजबुजली.

"ठेवलाय तर तो पुढे जाणा नाय." माउस टेबलाच्या कडेला पोचला होता आणि काकी त्याला आणखी पुढे रेटत होत्या. मुलीने तो उचलून परत मध्ये आणून दिला. दोघी हसल्या. मलाही हसू आलं.

मग मुलीने माझ्याकडे बघितलं. "ताई, हे कार्ड कसंही येतं ना? कोणी ठरवत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "मन शांत ठेवा."

मी लाल ठिपका दाबला. काकींनी क्लिक केलं. कोसळता मनोरा आला, वरून वीज आणि खिडकीतून खाली पडणारी माणसं. काकींचा हात माउसवरून असा उचलला गेला जसा तापल्या तव्यावरून उचलतात. मॅडम म्हणाल्या, मुलीने या वर्षी घराबाहेर राहू नये, पाऊल टाकलं की कोसळणं आहे. शुक्रवारी परत या, उपाय बघू. मुलगी मनोऱ्याकडे बघतच नव्हती, माझ्या टेबलाखालच्या खणाकडे बघत होती. निदान मला तरी तसं वाटलं.

त्या दिवशी घरी ताटावर बसले आणि घास तोंडाजवळ नेववेना. बोटाला काही वास नव्हता, तरी येत होता. मी उठून बाबांचा चमचा घेतला.

बाबांनी बघितलं. "काय गं, तुलापण पिंपं धुवायला लावली काय?"

आई हसली. मी नाही हसले.

शुक्रवारी ऑफिस अकराला उघडायचं. मी साडेदहाला कुलूप काढलं तर काकी जिन्यावर बसलेल्या, एकट्याच. पिशवीत कॉलेजचं पत्र. "हंयसून थेट कॉलेजात जातंय," त्या म्हणाल्या. "नको म्हणान सांगतंय आणि पत्र परत देतंय." मुलगी तीन दिवस जेवली नव्हती, हेही सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. कार्डानेच सांगितलं म्हटल्यावर त्यांच्या मते प्रश्न संपला होता.

मी त्यांना आत बसवलं आणि भाषण दिलं. भविष्य वगैरे काही नसतं काकी, सगळं थोतांड आहे, आम्ही घरात असलं काही मानत नाही. शिकलेल्या मुलीचा जेवढा तोरा असतो तेवढा सगळा लावून बोलले.

काकींचं तोंड कडू झालं. "तुमी मानत नाय, तर हंय बसलंस कित्याक? आमच्या गावाक देवळात कौल लागता. माझ्या लग्नाचो कौल लागलेलो. तो काय थोतांड?"

कौल काय ते मला धड माहीत नव्हतं. मी विचारलं. आधी त्या सांगेनात, मग सांगितलं. गुरव देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मागे सरतो. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. तासभर लागला तरी सगळे बसून राहतात. "पण मगे कोण हात लावणा नाय," काकी म्हणाल्या. "फुंकरसुद्धा नाय. पंखो बंद करतत."

मी उठले. स्क्रीन चालू केला, स्पेस बार दाबून कार्डं पिसली आणि खण ओढून कीबोर्ड टेबलावर ठेवला. "काकी, आता हा लाल ठिपका दाबा. मग माउस."

त्यांनी दाबलं. मनोरा.

"परत दाबा. दुसऱ्या कार्डावर क्लिक करा."

मनोरा. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम अगदी कडेचं कार्ड निवडलं. तरी मनोराच. मग मी गुलाबी ठिपका दाखवला आणि उगवता सूर्य आला. काकी बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या, जशा त्या डब्यात भरायला घेतलेली नासकी भाजी बघत असतील.

"मंगळवारी कोणी दाबलान?"

"मी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझा चेडू तुका विचारी होता," एवढंच म्हणाल्या. मुलगी तुला विचारत होती. मग आईबद्दल विचारलं, "तुझ्या आवशीक ठाऊक आसा?"

"नाही."

"मगे सांग तिका. मी सांगूचंय नाय, तू सांग."

मला वाटलं, आता जातील. गेल्या नाहीत. मला कीबोर्ड खणात ठेवायला लावला, वर कापड टाकायला लावलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पदर सावरून बसून राहिल्या. अकराला मॅडम आल्या, स्प्रे मारला, गोड हसल्या. उपाय विचारण्याआधी अजून एक कार्ड काढू म्हणाल्या. काकींनी माउस धरला, या वेळी टेबलावरच.

"मन शांत ठेवा," मॅडम म्हणाल्या.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. काकींनी क्लिक केलं. कुठलंतरी साधंसं कार्ड आलं, एक पेला आणि त्यातून डोकावणारा मासा. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात काकींनी वाकून खण सरकन ओढला आणि जरीचं कापड उचलून मॅडमच्या मांडीवर टाकलं.

"उंदीर माका दिलंस," त्या म्हणाल्या, "आणि ह्यां कोणासाठी ठेवलंस? हातान पाडलेल्या पाकळीक कौल म्हणनत नाय, बाय. तेका पाप म्हणतत."

मॅडम हे सगळं कॅलिब्रेशनसाठी, मशीन तपासायला असतं वगैरे बोलू लागल्या. काकी ऐकायला थांबल्या नाहीत. दारात वळून माझा फोन नंबर तेवढा मागितला, पोरीला देते म्हणाल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत आणि मीही माफी मागितली नाही. तोंड नव्हतं.

मॅडमनी मला पंधरा मिनिटांत काढलं. जाताना म्हणाल्या, "तुम्हा लोकांना वर आणावं तर असं." कुठले तुम्हा लोक, ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं. पण त्या वाक्याची मला आली नाही एवढी किळस मला माझ्या 'नाही'ची येते. मॅडम तर आपल्या धंद्याला धरून होत्या. त्या मुलीने मला सरळ विचारलं होतं आणि तिथे मी खोटं बोलले होते, ते कोणी ठिपका लावून सांगितलं नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. आईने हातातलं कानातलं खाली ठेवलं. बाबा फोटोंकडे बघत बसले. मला वाटलं आता बोलतील, फार बोलतील. ते उठले, बाहेरच्या बादलीतून तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या हातावर ओतलं.

"सुटली ना नोकरी?"

"हो."

"मग बस जेवायला. आणि हाताने जेव."

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून एका ओळीचा मेसेज आला, 'ऍडमिशन पक्कं केलं.' पुढे काही नव्हतं, आभारही नाहीत. असायचं कारणही नव्हतं. तीन वर्षांनी त्याच नंबरवरून पांढऱ्या गणवेशातला एक फोटो आला, शेजारी काकी, उन्हाने डोळे बारीक केलेल्या.

ती मुलगी आज नर्स आहे. मी त्या वर्षी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली.