ताकदीची सुई

ती केस कागदावर कधीच बंद झाली, पण माझ्या डोक्यातून काही जात नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि विसरलोही. या प्रकरणात ना रक्त सांडलं ना चोरी झाली, तरी ते विसरता येत नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी निपाणीला सब-इन्स्पेक्टर होतो. नाव कुणाचंच घेणार नाही, माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

सकाळची हजेरी चालू असताना तंबाखूच्या वखारीतला एक हमाल ठाण्यात येऊन उभा राहिला. त्याची मुलगी आठशे मीटर धावायची. राष्ट्रीय शिबिरात निवड झाली होती, परदेशातल्या स्पर्धेसाठी नाव लागलं होतं, रेल्वेत नोकरीही ठरल्यातच जमा होती. आणि शिबिरात लघवी तपासली, तर त्यात बंदी घातलेलं औषध निघालं. पोरीला घरी पाठवून दिलं. आता प्रकरण खेळाच्या संघटनेच्या लवादापुढे होतं. तिघांची समिती दोन्ही बाजू ऐकून बंदीचा निर्णय देणार होती. कुणीतरी बापाला सांगितलं, की तिच्या नकळत दुसऱ्यानं औषध दिलं असेल तर तसा पोलिसांचा कागद आण, पोरगी सुटेल.

"साहेब, माझ्या पोरीला कुणीतरी कायतरी घातलंय," तो म्हणाला. "त्यो कोण ते हुडका. कोन बी असंना, सोडू नगासा."

औषध देऊन इजा केल्याचं कलम लावून मी फिर्याद घेतली. निपाणी कर्नाटकात, म्हणून आमचे कागद कन्नडमध्ये असत. फिर्याद त्याला मराठीत वाचून दाखवली आणि त्यानं अंगठा दिला.

आमच्या खबऱ्यानं लगेच बातमी आणली, की तिला धावायला शिकवणारा शाळेतला पीटी मास्तर दर महिन्याला बेळगावला खडेबाजारातनं इंजेक्शनं आणतो. झालं! मी मास्तरला उचलला. गुन्हेगार माणूस ठाण्यात आला की आधी गोड बोलतो, हा माझा अनुभव. मास्तर पहिल्याच प्रश्नाला भडकला.

"माझ्या आईला साखर आहे हो! तिची इंजेक्शनं आहेत ती," तो ओरडला. "त्या पोरीला मी साधी खोकल्याची गोळी घेऊ देत नाही, आणि मीच तिला घालीन?"

हवालदाराला बेळगावला पाठवून दुकानदाराकडे चौकशी केली. मास्तर खरं बोलत होता. त्याला सोडला, तेव्हा बाहेर बाकावर बसलेला बाप माझ्याकडे असा बघत होता, जणू मी लाच खाल्ली होती.

मग मुलीच्या आईचा जबाब घ्यायला घरी गेलो. बाप वखारीत होता. दोघी मायलेकी सुपात पानं घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. घरातली साधी विचारपूस करावी, माणसं आपणहून बोलतात, म्हणून मी तब्येतीचं विचारलं.

"दिवाळीला शिबिरातनं आलती तवा टायफाइड झालता बघा," आई सांगू लागली. "पोरगी नुसती काटकी झालती. ह्यांनी खांद्यावर घालून डाक्टरकडं नेली आणि ताकदीची सुई मारून आणली. तवा कुठं उभी ऱ्हायली!"

ती कौतुकानं सांगत होती. मी मुलीकडे पाहिलं. तिचा हात थांबला होता. आई चहाला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला म्हाईत हाय, साहेब. शिबिरात औषधाचं नाव सांगितलं, तेच सुईच्या बाटलीवर वाचलं हुतं. पर आप्पास्नी सांगू नगासा. त्यांचा जीव ऱ्हायचा न्हाय."

"अगं, पण याच्यावरच तू सुटशील! तुझा यात काय दोष?"

ती पुन्हा बिडी वळू लागली.

डॉक्टर तर हात जोडून बसला. आमच्या भागात सुई टोचल्याशिवाय पेशंटला उपचार झाल्यासारखं वाटतच नाही. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर म्हणजे त्याला काही येत नाही, असा समज. "मी गोळ्याच देत होतो," तो म्हणाला. "हा दारातून हलेना. ताकदीची सुई मारा, पोरगी पळणारी आहे, म्हणून बसला. अशक्त माणसाला आम्ही सगळेच देतो हे." त्यानं औषधाचं नाव सांगितलं. तपासणीच्या अहवालात तेच होतं, आणि ते अंगात कित्येक महिने राहतं.

बापाला ठाण्यात बोलावून खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हंजी म्याच की वो."

मग एकदम त्याचा चेहरा उजळला. उठून उभा राहिला आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "मग घाला बेड्या! चोर घावला न्हवं? पोरगी सुटली, साहेब, पोरगी सुटली!"

त्याला वाटलं, गुन्हेगार सापडला की निर्दोष सुटतो. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

बंगळूरला लवादापुढे मी साक्ष दिली, डॉक्टरचा जबाब ठेवला. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, भला माणूस. तपास चोख आहे म्हणाले. "पण औषध कुणी दिलं, का दिलं, हा नियमाचा प्रश्नच नाही. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. औषध शरीरात गेलं होतं, हे तुमच्याच तपासानं पक्कं झालं." दोन वर्षांची बंदी. परदेशातली स्पर्धा हुकली, रेल्वेनं हात वर केले. पोरगी अध्यक्षांना नमस्कार करून बाहेर आली. त्यानंतर ती मैदानावर कधीच गेली नाही. मास्तर घरी जाऊन जाऊन थकला.

नोकरीत आम्हाला एकच शिकवलेलं, खरं शोधून काढा, पुढचं कायदा बघेल. इथं मी खरं शोधलं, अगदी तळापर्यंत. त्यानं कुणाचं भलं झालं? पोरीनं बापापासून जे लपवून ठेवलं होतं, ते मी त्याच्या पदरात टाकलं आणि बदल्यात तिला काहीच मिळालं नाही. कुणावर राग काढावा तर तसा माणूसही सापडत नाही. याच्यातून काय शिकलो म्हणाल, तर काही नाही. फक्त छाती ठोकून 'तपास लागला' म्हणायची माझी सवय गेली.

केस बंद करायला बी रिपोर्ट लिहिला आणि फिर्यादी म्हणून बापाला बोलावलं. रिपोर्ट त्याला मराठीत वाचून दाखवला, 'कोणताही गुन्हा घडलेला नाही.' अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली, तर त्यानं हात मागे घेतला.

"हे खोटं हाय, साहेब," तो म्हणाला. "गुन्हा झालाय. खोडा ते."

मी समजावलं, हवालदारानं समजावलं. संध्याकाळपर्यंत तो बाकावरून उठला नाही आणि अंगठाही दिला नाही.