हरणीचा श्रावण

अनुसूयाक्का मोहिते परवानगी मागत नसत. जे करायचं ते आधी सांगायच्या आणि मग करायच्या. त्यांचे दीर गुंडोजी सांगणं म्हणजेच विचारणं असं धरून चालत, आणि दर वेळी फसत.

बेंगळूरला गवीपुरममध्ये अक्कांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. सांगलीहून बी.कॉम. होऊन आलो होतो आणि एका सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यात नुकता लागलो होतो. त्याच खात्यातून येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. मोहित्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात बोलणं मराठीत, पण त्यात कानडी 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं, हे पदोपदी. अक्कांचे यजमान चंद्रकांतराव सत्तावन साली वारले. त्यांच्यामागे घर राहिलं, सासूबाई वसुमतीबाई राहिल्या आणि हरणी राहिली.

हरणी ही मुधोळ जातीची शिकारी कुत्री. उंच, पोट आत गेलेलं, तोंड लांब. ती दारावर भुंकत नसे, म्हणून गल्लीतल्या लोकांना ती बिनकामाची वाटे. तिचं काम बेळ्ळंदूरला होतं. तिथल्या तळ्याकाठी भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की रानडुकरं रात्रीतून वाफेच्या वाफे उकरून टाकत. मग शेतकरी चंद्रकांतरावांना बोलावत. गावची चार कुत्री हाकाटी करत, हरणी पुढे धावून डुक्कर अडवी आणि बंदूकवाला येईपर्यंत त्याला जागचं हलू देत नसे. यजमान गेल्यावर अक्का स्वतः तिला घेऊन जाऊ लागल्या. बंदूक त्यांचे थोरले भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले ज्योतिबा अण्णा, यांची. पण साखळी अक्कांच्या हातात.

गुंडोजींना हे पसंत नव्हतं. ते जवळच वेगळे राहत आणि एका कंपनीत साहेबाच्या हाताखाली होते. विधवा भावजय कुत्री घेऊन रानात जाते याची त्यांना लाज वाटे. अठ्ठावन सालच्या शिकारीत हरणी अर्ध्या वाटेत धापा टाकत बसली, डुक्कर मागे वळलं आणि गावातल्या एका कुत्र्याचं पोट फाटलं. गुंडोजींना आयतं कारण मिळालं.

"वहिनी, दंडात एक कर्नलसाहेब आहेत. त्यांना अशी कुत्री हवीय," ते म्हणाले. जुने लोक कँटोन्मेंटला दंडूच म्हणत. "ती थकली आता."

"थकली नाही, उपाशी होती," अक्का म्हणाल्या. "श्रावणभर नुसती नाचणीची आंबील आणि ताक. त्यावर तुम्ही तरी धावाल का?"

"पुढच्या वर्षी पुन्हा बसली तर?"

"सरी. बसली तर न्या."

अडचण श्रावणाचीच होती. वसुमतीबाई श्रावण कडक पाळत, आणि त्यांच्या मते त्या घरचं अन्न खाणाऱ्या प्रत्येकानं तो पाळायचा. त्यात गडी आला, मांजर आलं, हरणीही आली. इतर महिने तिला खाटकाकडचे तुकडे मिळत. श्रावणात मांस घरातच काय, अंगणातही येत नसे. नेमकं श्रावण संपला की शेंगा भरत. म्हणजे कामाच्या तोंडावर कुत्री सुकलेली.

चोरून मांस घालायचा सल्ला अक्कांना बऱ्याच जणींनी दिला. "आत्याबाईंना फसवायचं असतं तर कुत्री कशाला लागते?" एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दंडातल्या एका दुकानाच्या काचेत विलायती कुत्र्यांच्या बिस्किटांचे डबे पाहिले. एकोणसाठच्या आषाढात ज्योतिबा अण्णांना घेऊन त्या तिथे गेल्या. परत आल्यावर अण्णांनी वसुमतीबाईंना आणि मला सगळं रंगवून सांगितलं. दुकानदारानं आधी मऊ, गोडसर वासाची बिस्किटं काढली; मडमांची कुत्री हीच खातात म्हणाला.

"मांडीवर बसणारीला ही ठीक," अक्का म्हणाल्या. "माझी धावते. पाणी आण."

एका भांड्यात त्यांनी दोन्ही जातींचा एकेक तुकडा टाकला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मऊ बिस्किटाचा लगदा झाला. दुसरं, डब्यावर धावत्या कुत्र्याचं चित्र असलेलं, फुगलं पण फुटलं नाही. ते अक्कांनी हुंगलं आणि दातानं मोडून पाहिलं.

"दुकानदार बघत राहिला," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, अगं गिळू नको, तुझ्यासाठी नाही ते."

"वास नाही, तेल नाही. चुलीतल्या भाकरीसारखं आहे," अक्का म्हणाल्या.

"पण त्यात काही नसेल ना, अक्का?" मी विचारलं.

माझ्या प्रश्नाचं तिघांनाही हसू आलं. बिस्किट म्हणजे बेकरीतलं, आणि बेकरी म्हणजे अय्यंगार ब्राह्मणांची. अंडंसुद्धा न शिवणाऱ्या माणसांच्या धंद्यातली वस्तू, तिच्यात काय असणार? मलाही ते पटलं. विलायतेत अय्यंगार नसतात हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

श्रावण लागला. बिस्किटं फार टणक, म्हणून वसुमतीबाईंनी स्वतः खलबत्ता काढला. रोज सकाळी त्या बिस्किटं कुटून दुधात भिजवत आणि "ये गं उपाशे" म्हणून हरणीला हाक मारत. हरणीच्या पाठीवर तकाकी आली, मांड्या भरल्या. म्हातारीलाही त्या कामाची गोडी लागली होती.

श्रावण अर्धा उलटला असताना गुंडोजी आले. खलबत्ता चालू होता. त्यांनी डबा उचलून पाहिला.

"आई, हे काय कुटतेस ठाऊक आहे? आमच्या साहेबांकडे हाच डबा येतो. पिठात मांस वाळवून, पूड करून घालतात. साहेबांनीच सांगितलं."

वसुमतीबाईंचा हात थांबला. त्यांनी बत्ता जमिनीवर ठेवला आणि सुनेकडे पाहिलं.

"मला ठाऊक नव्हतं, आत्याबाई," अक्का म्हणाल्या. "भांडं मी घासून देते, चिंच लावून."

"आणि आता?" गुंडोजींनी विचारलं. "डबा फेकून देणार ना?"

"देणार. मांसच घालायचं तर समुद्रापलीकडचं, कधी मेलं कोण जाणे, ते का घालू? आपल्या कोपऱ्यावर खाटीक आहे. उद्यापासून ताजं घालीन."

"श्रावणात?"

"श्रावणातच. व्रत माझं आहे, आत्याबाईंचं आहे. कुत्रीनं ते कबूल केलेलं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"ते तुम्ही ऐका, भावजी. तुम्हाला सवय आहे."

गुंडोजी आईकडे वळले. "तू काही बोलणार की नाही?"

वसुमतीबाई उठल्या, अंगणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चूल पेरूच्या झाडापलीकडे मांड. इकडे मांडलीस तर वारा देवघरात येईल." आणि आंघोळीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी पेरूपलीकडे तीन दगड मांडले. टोपलीवर फडकंसुद्धा न टाकता, भर सकाळी, त्या खाटकाकडून तुकडे घेऊन गल्लीतून आल्या. समोरच्या दारातून कुणीतरी विचारलं, "श्रावणात, अनुसूयाक्का?" "हो, हरणीसाठी," त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या. नाचणीचा उंडा आणि शिजलेलं मांस, असं तिचं जेवण ठरलं. कामाच्या आदल्या संध्याकाळी पोटभर, कामाच्या सकाळी काही नाही. त्या श्रावणात अक्कांनी स्वतः एक वेळचं जेवण सोडलं होतं हे मला फार उशिरा, वसुमतीबाईंकडून कळलं.

बेळ्ळंदूरचं बोलावणं भाद्रपदात आलं. गुंडोजी मुद्दाम बरोबर आले. हरणी बसताना त्यांना स्वतः पाहायची होती. मी बांधावर त्यांच्या शेजारी होतो. उजाडता उजाडता एक मोठा नर भुईमुगातून निघून तळ्याच्या लव्हाळ्याकडे सुटला. अक्कांनी साखळी सोडली. गेल्या वर्षी जिथे ती बसली होती ते ओढ्याचं वळण हरणीनं ओलांडलं, लव्हाळ्याच्या अलीकडे ती त्याच्या पुढ्यात गेली आणि त्याला फिरवत राहिली. डाव्या खांद्याला सुळा लागला. तरी ती हटली नाही. अण्णांची गोळी सुटली तेव्हा ती उभी होती.

अक्कांनी पदराची किनार फाडून खांदा बांधला. गुंडोजी जवळ आले.

"आता चांगलं नाव झालं तिचं," ते म्हणाले. "कर्नलसाहेबांना मी शब्द देऊन बसलोय. रविवारी येतायत."

"ती बसली का?"

"बसली नाही, पण..."

"मग झालं."

रविवारी कर्नल खरोखरच जीप घेऊन आले. गुंडोजी घाईनं पुढे झाले. अक्का ओट्यावर हरणीच्या जखमेला हळद लावत होत्या. त्या उठल्या नाहीत.

"साहेब, बसा. कॉफी घेऊन जा," त्या स्वच्छ कानडीत म्हणाल्या. "शब्द दिला तो माझ्या दिरांनी. कुत्री माझी आहे आणि ती द्यायची नाही. त्यांचा शब्द त्यांच्याकडूनच घ्या."

कर्नलांनी हरणीकडे पाहिलं, मग गुंडोजींकडे. आतून वसुमतीबाईंनी विचारलं, "कॉफी किती जणांची?"

"दोघांची," अक्का म्हणाल्या. "भावजी निघालेत."