खोरं कुणी धरायचं?

तालमीत गेलेल्या माणसाच्या अंगावरची माती निघते, कानातली मात्र जन्मभर निघत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. मी तालमीत होतो चार वर्षं आणि त्या चार वर्षांवर गप्पा हाणतोय उभा जन्म. बायको म्हणते, "एवढ्या वेळात तुम्ही कुस्ती शिकला असता." बरोबर आहे तिचं.

आमची तालीम रहिमतपुरात. दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. ज्ञानू वस्ताद म्हणजे आमचं दैवत, आणि त्यांचा एक नियम म्हणजे देवाज्ञा. कुस्ती झाली की जिंकलेल्यानं खोरं उचलायचं आणि कुस्तीच्या हौदातली उकरलेली माती सारखी करायची. हरलेल्यानं गुमान अंग पुसून बाजूला बसायचं.

कुणी कारण विचारलं की वस्ताद म्हणायचे, "जिंकणाऱ्याच्या अंगात रग उरलेली असती. ती मातीत जिरवायची, गावात न्हाई."

आम्हाला हे सोळा आणे पटायचं. मला चार वर्षांत खोरं धरायचा योग तीनदा आला. त्यातल्या एकदा समोरच्याला ताप होता.

* * *

वस्तादांची स्वतःची एक गाजलेली कुस्ती होती. आष्ट्याच्या अलीकडं एका गावात जुनं दगडी मैदान आहे. तिथं त्यांनी ऐन उमेदीत मिरजेकडच्या दोड्डाप्पाला चीत केलं होतं. साक्षीदार विचारला तर तोही होता, आमच्याच गावातला बाबू शिंपी.

"बाबू उशिरा पोचला, कुस्ती काय त्याला घावली न्हाई," वस्ताद सांगायचे, "पर माझ्या हातात खोरं त्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

ही गोष्ट दर वर्षी यात्रेच्या सुमारास व्हायची. मी तालमीत गेलो त्या साली दोड्डाप्पा आमच्याएवढाच होता. दुसऱ्या साली तो सहा फूट झाला. तिसऱ्या साली मैदानाच्या कमानीतून आत येताना त्याला वाकावं लागलं.

आमच्यातला गणपा भारी वात्रट. तो माझ्या कानात म्हणाला, "पुढल्या साली कमान पाडावी लागतीया बग."

* * *

त्याच मैदानाचं बोलावणं आमच्या शिदाला आलं. शिदा आमचा हुकमी पैलवान. शेतात उसाची मोळी एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातानं मिशी सारखी करायचा. त्याचा थोरला भाऊ पलटणीत होता, आणि बापानं शिदाला स्पष्ट सांगितलं होतं, "दगडी मैदान मारलंस तर खुशाल कुस्त्या खेळ. न्हाईतर लंगोट खुंटीला आणि तू पलटणीत."

म्हणजे शिदाची कुस्ती राहणार की जाणार ते त्या एका दिवसावर होतं. आम्ही नाचायला लागलो.

"त्या मैदानात आता काय राम राह्यला न्हाई," वस्ताद मात्र म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तिकडचं पाणी बाधतं.

शिदा पाया पडला. "वस्ताद, तुमी जिंकल्याली माती हाय ती. तुमी न्हाई आला तर मी बी जात न्हाई."

मग काय करतात? निघाले.

* * *

त्या वेळी पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं भली मोठी टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा. सपाटीला गाडी बरी जायची, चढ आला की मान टाकायची. कराडच्या पुढं पहिल्याच चढाला ड्रायव्हर खाली उतरला आणि आम्हाला हात जोडून म्हणाला, "पैलवान, देवानंच धाडलं तुमास्नी."

आम्ही ढकलली. पुढल्या चढालाही ढकलली. तिसऱ्या चढाला गणपानं ड्रायव्हरला विचारलं, "आमी गाडीत बसलोय का गाडी आमच्यावर बसलीया?"

नाक्यावर पोलिसांनी अडवलं. चळवळीच्या धामधुमीचे दिवस, आणि एका गाडीत आठ दांडगे गडी. फौजदाराला संशय आला. "कुठल्या टोळीचे रे?"

वस्ताद पुढं झाले. "टोळी न्हाई साहेब, तालीम. कान बघा."

पैलवानाची ओळख कानावरून. घासून घासून कान मोडतात आणि त्यांचे मुटके होतात. फौजदारानं एकेकाचा कान हातात धरून तपासला आणि सोडलं. शेवटी मी. माझे दोन्ही कान आईनं दिले तसेच शाबूत.

"हा कोण?" फौजदारानं माझा कान धरूनच ठेवला.

"लिवाय-वाचायला आणलाय," वस्ताद म्हणाले.

गणपा मागून म्हणाला, "ठेवून घ्यायचा तर घ्या साहेब. कुस्तीला काय फरक पडत न्हाई."

* * *

मैदान बघून मात्र आम्ही कमानीतच थबकलो. गोल, खोलगट, चहूबाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि मधोमध तांबड्या मातीचा हौद. राखणदार होते हुसेनचाचा. सत्तरीला आलेले, ताठ. माती त्यांच्या हाताखालची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ते ती रोज स्वतः मळायचे. सगळं मैदान फिरवून दाखवायला ते आम्हाला घेऊन निघाले.

मी लिहिणारा, म्हणून विचारलं, "चाचा, हे बांधलं कोणत्या साली?"

"सालबिल आमाला ठावं न्हाई, बेटा. पटकीची साथ आली तवा पाया खंदला. दुष्काळ पडला तवा पायऱ्या झाल्या. लोकास्नी काम पायजे हुतं, त्येंनी पोटासाठी एकेक दगड घडवला. म्हणून हितं कुणी पायात पायताण घालून येत न्हाई."

आम्ही सगळ्यांनी गपकन वहाणा काढल्या. गणपा दमला होता, तो सातव्या पायरीवर टेकला.

"ऊठ तिथनं," चाचा म्हणाले.

"का वं?"

"माझी आई ह्याच कामावर हुती. तिथंच मी झालो. यात्रेला संस्थानिक आलं तरी ती जागा मोकळी ऱ्हाती."

गणपा उठला आणि त्यानं त्या पायरीला हात लावून नमस्कार केला.

इतका वेळ वस्ताद उपरणं तोंडापर्यंत ओढून मागं उभे होते. चाचा त्यांच्यासमोर जाऊन थांबले.

"ज्ञानू. लय वर्सांनी आलास."

"व्हय चाचा."

बस, एवढंच. शिदा हौसेनं म्हणाला, "चाचा, आमच्या वस्तादांची दोड्डाप्पाबरोबरची कुस्ती नेमकी कुठं झाली, ती जागा दावा की."

चाचांनी वस्तादांकडं पाहिलं. मग हौदाकडं बोट केलं. "हितंच झाली बाबा. मी हुतो."

आम्ही धन्य झालो. वस्तादांना त्या रात्री भाकरी गेली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी मैदान फुलून गेलं. हलगी कडाडत होती. पहिलीच जोड शिदाची, तासगावकडच्या एका पैलवानाशी. पाऊण तास दोघं एकमेकांना हलेनात. शेवटी शिदानं ढाक लावली आणि गडी आभाळ बघत पडला. पाठ सगळ्यांना दिसली. आम्ही फेटे उडवले.

आणि शिदानं, सवयीप्रमाणं, काठावरचं खोरं उचललं आणि माती सारखी करायला लागला.

हलगी थांबली. आधी कुणीतरी हसलं, मग सगळं मैदान हसायला लागलं. तासगावकरांनी आपल्या पडलेल्या गड्याला खांद्यावर घेतलं आणि गुलाल उधळला. आम्हाला काही उमजेना.

पंच शिदाजवळ आले. "पैलवान, हार मानलीस व्हय?"

"हार? मी पाडलाय त्येला."

"मग खोरं का धरलंस? ह्या मैदानात हरलेला माती सारखी करतो. मैदान बांधलं तवापास्नं."

शिदाच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. तासगावकर ओरडायला लागले, "त्यानं आपणहून धरलंय, निकाल द्या." पंचांपुढं खरोखरच पेच पडला होता. पाठ एकाची लागलेली, खोरं दुसऱ्याच्या हातात.

"तुला हे शिकवलं कुणी?" पंचांनी विचारलं.

"आमच्या वस्तादांनी," शिदा छाती काढून म्हणाला. "आमच्यात जिंकलेला माती सारखी करतो. वस्तादांनी बी ह्याच हौदात केली हुती. दोड्डाप्पाला पाडलं तवा."

सगळं मैदान वस्तादांकडं वळलं. मी त्यांच्या शेजारी होतो. मला एकदम बाबू शिंपी आठवला, उशिरा पोचलेला, कुस्ती न बघता फक्त खोरं बघितलेला. हुसेनचाचा हौदाच्या काठावर उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते हौदातल्या मातीकडं बघत राहिले.

वस्तादांनी फेटा काढून माझ्या हातात दिला. एकेक पायरी उतरत ते हौदात गेले आणि शिदाच्या हातातलं खोरं घेतलं.

"पंच, दोड्डाप्पानं मला पाडलं हुतं," ते म्हणाले, शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं. "म्हणून खोरं माझ्या हातात हुतं. गावात जाऊन मी उलटं सांगितलं, की खोरं जिंकलेला धरतो. पोरगं तेच खरं धरून चाललं. त्येची चूक न्हाई, आन् त्यो जिंकलाय."

मग ते वाकले आणि माती सारखी करू लागले. या काठापासून त्या काठापर्यंत. कुणी हसलं नाही. पुरी झाल्यावर चाचांनी त्यांच्या हातातलं खोरं घेतलं.

"तवा बी अशीच केली हुतीस, ज्ञानू. एवढी सारखी माती मला परत कुणी करून दिली न्हाई."

पंचांनी शिदाचा हात वर केला.

* * *

परत आल्यावर आठवडाभर वस्ताद तालमीकडं फिरकले नाहीत. सोमवारी आले, भिंतीला टेकून बसले. शिदा आणि गणपाची कुस्ती लागली. शिदानं गणपाला घिस्सा मारून चीत केलं.

गणपा उठला, अंगावरची माती झाडली आणि खोऱ्याकडं हात नेला. शिदानं त्याच्या हातावर चापट मारली.

"ठेव ते," शिदा म्हणाला. "आपल्यात जिंकलेला करतो."