मावशींच्या पोरघराला ग्रँट

पोर हातात आलं की मावशी आधी त्याची पापणी वर करून बघायच्या. मग आईकडे बघायच्या.

"अफू दिलीस व्हय गं?"

"एवढीशीच, मावशी. लय रडत हुतं."

"रडू दे की! रडं ऐकायलाच बसलीया मी हितं."

कराडच्या पेठेत शेंगा फोडायला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना मोहरीएवढी अफू चाटवून निजवायच्या. त्यातलं एक पोर उठलंच नाही. तेव्हापासून मावशींनी बाजारामागच्या एका पडवीत पोरं सांभाळायला घेतली. त्यांचा सगळा जन्म दवाखान्यात बाळंतिणींची उस्तवार करण्यात गेलेला. पोरांना त्या भीत नव्हत्या. पण पडवीचा मालक जागा रिकामी करून मागत होता. पडवी गेली की पोरं पुन्हा अफूवर, हे आम्हाला दिसत होतं.

स्वराज्य नुकतंच आलं होतं. असल्या कामाला सरकार ग्रँट देतंय असं कळलं. मी नगरपालिकेत कारकून, तेव्हा अर्ज मीच खरडला. साताऱ्याहून साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर मी शहाण्यानं बायकांना बजावलं, "त्या दिवशी सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे हं."

झालं! साहेब आले तर एकही बाई कामावर गेलेली नाही. ठेवणीतली लुगडी नेसून, पोरांना तेल-काजळ करून, प्रत्येकीनं आपलं पोर मांडीवर घेतलेलं.

"आया तर इथंच बसल्या आहेत," साहेब म्हणाले. "मग सांभाळायला केंद्र कशाला?"

मी उगाच अर्जाचे कागद चाळू लागलो. मावशी मात्र कडाडल्या, "उठा गं भवान्यांनो! कामाला पळा!"

बायका पळाल्या आणि वीस-पंचवीस पोरांनी एकदम टाहो फोडला. त्यातलं सगळ्यांत रडकं मावशींनी साहेबांच्या हातात दिलं. "धरा जरा, सायेब. मला दोनच हात हाईत." साहेबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. दुपारपर्यंत त्यांचा कोट दोनदा ओला झाला.

पुढं मंजुरीचं पत्र आलं. मी धावतच गेलो आणि वाचून दाखवलं. दूध, पाळणे, जागेचं भाडं, सगळं मिळणार होतं.

"म्हंजी आता बंद पडत न्हाई?"

"नाही, मावशी."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पत्राची शेवटची ओळ मी वाचलीच नाही. केंद्र चालवणारी बाई शिकलेली, ट्रेनिंग घेतलेली हवी, अशी अट होती. मावशींना सहीसुद्धा येत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू, करत मी पंधरा दिवस काढले.

शेवटी एका सकाळी नव्या बाई ट्रंक घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि मावशींना ते त्यांच्याकडून कळलं.

"या की, बाई," मावशी एवढंच म्हणाल्या म्हणे. कोणतं पोर कुशीवर निजतं, कुणाला दूध पचत नाही, सगळं त्यांनी दिवसभर समजावून दिलं. संध्याकाळी गाठोडं घेऊन तासगावला भाचीकडे निघाल्या.

कचेरीवरूनच गेल्या. मला खिडकीतून दिसल्या, थांबल्याही. त्यांच्यासमोर जायला मला तोंड नव्हतं. मी टेबलाखाली वाकलो आणि न पडलेली टाचणी शोधत राहिलो.