भुऱ्याच्या पोटातली कोय

मंडळी, आमचा कुत्रा भुऱ्या तीन दिवसांपासून उलट्या करून राह्यला होता. आज कारंज्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, तं आतड्यात आंब्याची अख्खी कोय!

घरी रस केला की आई एक कोय त्याले चाटाले देतेच.

ऑपरेशन अकोल्याले, खर्च पंधरा हजार. बाबा म्हणे, "कुत्र्यासाठी एवढे?"

आई म्हणाली, "कोय म्या देल्ली. कूलरसाठी ठेवलेले पैसे काढा."

पैशाचं झालं, पण एसटीत कुत्र्याले घेत नाहीत. उद्या सकाळी कोणाची गाडी अकोल्याले जाऊन राह्यली काय?

तोवर त्याले काहीच चारायचं नाही. भुऱ्या आईच्या हाताकडं पाहून शेपटी हलवून राह्यला, अन् आई हात पदराखाली लपवून बसली आहे.