तीन तासांची मुंबई

“तीन तासांत मुंबई म्हणता ना बाबू? मंग उद्या बारा वाजता वावरातून निघतो. जहाज चारले सुटते. तासभर हाती राह्यते.”

वडनेरचे गुलाबराव माझ्या टेबलासमोर उभे होते. पन्नासच्या दशकात मी वर्ध्याला एका विमान कंपनीच्या बुकिंग ऑफिसात क्लार्क होतो. त्यांची लेक शांता नवऱ्याबरोबर मुंबईहून बोटीनं आफ्रिकेत मोंबासाला निघाली होती. जावयाला तिथल्या शाळेत नोकरी लागलेली. परत कधी येणार, पत्ता नाही. तिचं तसं पत्र त्यांना त्याच सकाळी पोचलं होतं.

“काका, विमान वडनेरहून सुटत नाही. नागपूरहून सुटतं, उद्या अकराला.”

“मंग ते तीन तास काऊन सांगता?”

“तो फ्लाइंग टाइम. विमान जमिनीवरून उठल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा. त्यात तुमचं घर नाही, बंदरही नाही.”

तेवढ्यात आतून मॅनेजर साहेब आले. “अकरा आणि तीन, दोन वाजले. जहाज चारला. तिकीट फाड.”

“साहेब, सांताक्रूझ विमानतळाहून बंदर तासाभराच्या पुढे. भेटायला आलेल्यांना बोटीवरून दोनलाच खाली उतरवतात.”

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. “हे बघ. सरळ रेष आहे.”

मी कपाळाला हात लावला. “काका, आज संध्याकाळची मेल पकडा. सोळा तास लागतील, पण उद्या दहाला बंदरावर असाल.”

“तू नोकरी आपली करतोस की रेल्वेची?” साहेब कडाडले.

गुलाबरावही ऐकेनात. “गावात सांगून आलो ना, विमानानं जाऊन राह्यलो म्हणून. लोक हासतीन मले.”

एकाला पट्टी सुटेना, दुसऱ्याला गाव. माझा आवाज चढला. “लेकीला भेटायचंय की विमानात बसायचंय?”

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “लेकीले,” म्हणाले, आणि स्टेशनकडे निघाले.

साहेबांनी लगेच हेड ऑफिसला मेमो टाकला: क्लार्क प्रवासी रेल्वेकडे पाठवतो. दुसऱ्या दिवशी तार आली. इंजिनात बिघाड, विमान नागपूरहून दुपारी दोनला सुटलं. साहेबांनी ती वाचून ड्रॉवरमध्ये ठेवली. मेमो तोवर पोस्टात गेला होता.

आठवड्यानं गुलाबराव आले. “दोन घंटे बसलो तिच्यापाशी. तिनं मले झोपाची जागा दाखवली. खिडकी आहे. हवा येते चांगली.” मग म्हणाले, “निघताना माहा हात सोडत नव्हती.”

मला मेमोचं लेखी उत्तर द्यावं लागलं. मी लिहिलं: प्रवाशाला तास सांगण्याआधी तो कुठून निघणार आणि कुठे, किती वाजता पोचायला हवा, हे विचारावं. साहेबांनी ते खोडून ‘चूक झाली, क्षमस्व’ एवढंच ठेवलं.

मी सही केली. विचारायचं मात्र सोडलं नाही.